बाटलीवर आमचं गाव लिहा : फेणीचं धोरण ठरवणाऱ्यांना खुले पत्र

फेणीचं धोरण ठरवणाऱ्या, भट्ट्यांना परवाने देणाऱ्या आणि फेणीच्या नावाने सोहळे भरवणाऱ्या सर्व मान्यवरांना,

सा. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात तुमच्यापैकी एकांचा फोन आला. पर्यटकांसाठी फेणीचा कार्यक्रम ठेवलाय, कुणबी साडी नेसून या आणि काजूचे बोंडू, ज्या फळाच्या रसाची फेणी गाळतात ते, तुडवून दाखवा, असं निमंत्रण होतं. मी म्हटलं, साहेब, बोंडू मार्च ते मेमध्ये पडतात, आता श्रावण चाललाय. ते म्हणाले, "बोंडू नसले तरी चालतील. कुंडीत नुसते पाय हलवा, फोटोत कळत नाही." मग आमची फेणी तिथे ठेवता येईल का, असं मी विचारलं. नाही म्हणाले. बाटलीबंद नाही, लेबल नाही, सुटी फेणी मांडता येणार नाही.

नियम असेल तसा, त्यावर माझं भांडण नाही. मी गेले नाही. नंतर कुणीतरी कार्यक्रमाचे फोटो मोबाइलवर पाठवले. टेबलावर ओळीने बाटल्या, मागे मातीच्या मडक्यांची सजावट. त्यातली एक बाटली मी ओळखली. आमच्या भट्टीवरून कॅन भरून नेतात त्यांचीच ती. लेबलवर डोंगर, काजूचं झाड, डोक्यावर पाटी घेतलेली बाई. बाईचा चेहरा काढलाच नव्हता. चित्रकाराची शैली असेल, पण मला ते लागलं.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहते. माहेर महाराष्ट्रातल्या दोडामार्गाकडचं, सासर इथलं. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांची भट्टी चालू होती, त्याआधी त्यांच्या वडिलांची. पावणीला, म्हणजे काजूच्या हद्दींच्या बोलीला, आता माझा नवरा जातो, कागदावर नाव त्याचं, पण गाळताना धार कधी तोडायची ते मी सांगते. हे सासूबाईंनी मला शिकवलं आणि त्या हयात असेपर्यंत त्यांनाच ते माझ्यापेक्षा बरं कळत होतं. पत्र लिहायचा माझा हक्क एवढाच.

लिहायला बसले ते मात्र दिवाळीत. धाकटा दीर जहाजावर बारमध्ये कामाला आहे. या खेपेला त्याने एक बाटली आणली. मेक्सिकोत वाहाका नावाचं राज्य आहे, तिथल्या उआतुल्को बंदरात त्यांचं जहाज लागतं. आत मेस्काल. आमच्याकडे शेताच्या कडेला घायपात असतं ना, काटेरी, जाड पानांचं, दोरखंडाचं? त्याच कुळातल्या झाडांची ही दारू, तिकडे त्यांना आगावे म्हणतात. खरं तर घायपातसुद्धा मूळचं तिकडचंच, जसा काजू ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात इकडे आणला आणि आज आम्ही त्याला आमचा म्हणतो. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

बाटलीतलं चाखायच्या आधी दिराने लेबल वाचून दाखवलं. त्याला कामापुरती स्पॅनिश येते. गाव : सांता कातारिना मिनास. झाड कोणतं, त्याचं नाव. कशात गाळलं : मातीच्या भांड्यात. किती लिटर निघाली. आणि खाली, गाळणाऱ्याचं नाव. कंपनीच्या मालकाचं नव्हे, गाळणाऱ्याचं. सासरे खाटेवर बसून ऐकत होते. त्यांनी बाटली मागून घेतली, चष्मा लावला, एक अक्षर वाचता येत नव्हतं तरी त्या नावावर बोट ठेवून विचारलं, "हाच तो?"

त्या रात्री दीर पुष्कळ सांगत बसला. बंदरावरून सुट्टीच्या दिवशी तो एकदा तिथल्या भट्टीवर जाऊन आला होता. तिकडे भट्टीला पालेंके म्हणतात. काजूचं कलम तिसऱ्या वर्षी फळ दाखवतं आणि मग वर्षानुवर्षं देत राहतं. त्यांच्या झाडाचं तसं नाही. लागवडीचं जे सगळ्यात सोपं, एस्पादीन, तेच तयार व्हायला सहा ते आठ वर्षं लागतात. तोबाला नावाचं डोंगरात आपोआप वाढणारं आणखी जास्त घेतं, आणि एक जात तर पंचवीस वर्षंसुद्धा उभी राहते. झाड आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं. फुलाचा दांडा वर येऊ लागला की तो छाटायचा, म्हणजे साखर गड्ड्यात राहते. म्हणजे बापाने लावलेलं पुष्कळदा पोरगाच तोडतो. पानं तासून उरलेला गड्डा अननसासारखा दिसतो. जमिनीत खड्डा, तळाशी तापलेले दगड, वर हे गड्डे, वर माती. तीन-चार दिवस ते आत शिजत राहतात, मेस्कालला धुराचा वास येतो तो तिथला. मग घोड्याने ओढलेल्या दगडी चाकाखाली चेचायचे, लाकडी पिंपात आंबवायचे आणि दोनदा गाळायचे. दारू किती कडक झाली ते नळीने भोपळ्याच्या वाटीत ओतून, वर येणारे बुडबुडे किती वेळ टिकतात त्यावरून ठरवतात.

बुडबुड्यांचं ऐकून सासरे उठून बसले. आमच्याकडे ग्राव, म्हणजे दारूचा कडकपणा, मोजायची काचेची नळी आहे, पण सासऱ्यांचा विश्वास बाटली हलवून येणाऱ्या फेसावर. फेणी हे नावच फेणावरून, फेसावरून पडलं, असं जुने लोक सांगतात. समुद्राच्या दोन टोकांना दोन माणसं एकच गोष्ट पाहतात. अभ्यासक म्हणतात की मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर गाळायची एक रीत मनिलाहून जहाजावर आलेल्या फिलिपिनो खलाशांनी नेली, आणि ते आधी नारळाच्या माडाची गाळत असत. आमच्याकडेही माडाची फेणी आहेच. पण हे विषयांतर झालं.

आता आमची भट्टी. तुमच्या माहितीपत्रकात ती अर्ध्या पानात उरकलेली असते, म्हणून थोडं लिहिते.

बोंडू झाडावरून काढायचा नाही, पिकून खाली पडलेलाच घ्यायचा. हे पहिलं आणि सगळ्यात मोडलं जाणारं काम. कारण बी विकायची घाई असते आणि काठीने पाडलं की दिवस वाचतो. पहाटे आम्ही बायका वेचायला जातो, बी पिळून वेगळी करतो. कातळात कोरलेल्या कुंडीला आमच्याकडे कोळंबी म्हणतात (खायच्या कोळंबीशी संबंध नाही, पर्यटकांना हे दरवर्षी सांगावं लागतं). तिच्यात बोंडू तुडवायचे. तुडवून झाल्यावर चोथ्याचा ढीग रचायचा, नुडीच्या वेलीने आवळायचा आणि वर धोंडा ठेवायचा. त्यातून जो निवळ रस ठिबकतो तो नीरो. तो थंडगार प्यायचा, पोरांसकट सगळ्यांनी. तुडवलेला रस तीनेक दिवस आपणच आंबतो, बाहेरून खमीर घालायचं नाही. मग भाण्यात, म्हणजे गाळायच्या भांड्यात, चढवायचा. पूर्वी भाण मातीचं होतं, आमचं आता तांब्याचं आहे, हे लपवत नाही. वाफ जाते ती लवणीत, म्हणजे धार जमायच्या भांड्यात, आणि लवणीवर थंड पाणी ओतत राहावं लागतं. पहिली निघते ती हुर्राक, हलकी. एप्रिलमध्ये लिम्का, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून सगळं गोवा पितो ती. हुर्राकात पुन्हा रस घालून दुसऱ्यांदा गाळली की फेणी, साधारण 42 टक्क्यांची.

विस्तव मोठा झाला की रस करपतो आणि तो वास मरेपर्यंत जात नाही. विस्तव लहान झाला की धार तुटते. रात्रभर कुणीतरी बसावं लागतं. सासूबाई बसायच्या, तेव्हा त्या विस्तवाकडे बघायच्याही नाहीत, लवणीत पडणाऱ्या धारेच्या आवाजावरून लाकूड मागेपुढे सारायच्या.

तुम्ही फेणीसाठी काहीच केलं नाही असं म्हणणार नाही. 2009 मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, देशात दारूला मिळालेलं पहिलं. 2016 मध्ये कायदा बदलून तिला देशी दारूच्या रांगेतून काढलं आणि वारसा म्हटलं. 2021 मध्ये धोरण आलं. तीनही वेळा आमच्या घरी पेपर मोठ्याने वाचला गेला. तिन्ही वेळा मार्च आला आणि कॅनचा दर ठरवणारा माणूस तोच होता.

माझ्या तक्रारी अशा.

वारसा कशाला म्हटलंय ते बाटलीवर कळत नाही. लाकडाच्या विस्तवावर, भाण्यात, दोनदा गाळलेली आणि यंत्रावर मोठ्या प्रमाणात काढलेली, दोन्हीवर एकच शब्द : फेणी. मेक्सिकोने मेस्कालचं नाव 1994 मध्ये राखून घेतलं, आणि 2016 च्या मानकात त्याच्या सरळ तीन पायऱ्या केल्या. नुसतं मेस्काल, ज्यात आधुनिक यंत्रं चालतात. कारागिरीचं मेस्काल. आणि पूर्वापार रीतीचं, ज्यात मातीचं भांडं आणि थेट विस्तवच हवा. कोणतं झाड वापरलं आणि कोणत्या राज्यात, हे लेबलवर लिहावंच लागतं. कारखान्यावर बंदी घातली नाही कुणी. त्याला फक्त तो कारखाना आहे हे सांगायला लावलं. आम्ही यापेक्षा जास्त मागत नाही.

भेसळ. याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार, तुम्हालाच जास्त माहीत आहे. बाहेरून आणलेलं स्पिरिट, थोडी खरी फेणी वासापुरती, झाली बाटली. तपासणी होते ती आमच्या भट्टीवर, कारण आम्ही डोंगरात दिसतो, धूर निघतो. मला आमची तपासणी नकोय असं नाही. पण ज्या दिवशी आमच्याकडे येता त्याच दिवशी दुकानातल्या चार बाटल्याही उचला.

पावणी. दरवर्षी काजूच्या हद्दींची बोली लागते आणि जिंकेल त्याला त्या हद्दीत गाळायचा हक्क. एका वर्षी आमच्याकडे तारीख इतकी पुढे गेली की पहिले दोन आठवडे बोंडू झाडाखाली कुजले आणि आम्ही नुसत्या बिया वेचल्या. पावणीच्या कार्यालयात विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "फाइल वर आहे." फाइल वर होती आणि बोंडू खाली. बियांना सरकार आधारभूत किंमत देतं, चांगलं करतं. बोंडू मात्र कुणाच्या हिशेबातच नाही. तो दोन दिवसांत आंबून जातो, त्याला फाइलीची वाट बघता येत नाही.

झाडं. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांत आगी लागल्या तेव्हा आमची बरीच जुनी झाडं गेली. इथे अनेकांच्या काजूखालची जमीन कागदावर त्यांची नाही, हे सत्तरीत कुणालाही विचारा. झाड आजोबांनी लावलेलं, सातबाऱ्यासारखा कागद मात्र हातात नाही, मग भरपाई कुणाला? हा प्रश्न फेणीपेक्षा मोठा आहे, एका पत्रात मावणार नाही. पण वारसा म्हणायचं तर झाडापासून म्हणा, बाटलीपासून नको.

आणि माझं माहेर. दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ले, तिथेही हेच डोंगर, हेच झाड. काजूच्या वेंगुर्ला जाती तर तिथल्याच संशोधन केंद्राच्या. मानांकन गोव्याच्या हद्दीला थांबतं, ते बरोबरच. पण 2022 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने काजूच्या बोंडांच्या आणि मोहफुलांच्या दारूला देशी दारूच्या वर्गातून काढून विदेशी मद्याचा दर्जा द्यायचं ठरवलं. विदेशी! माझ्या वडिलांच्या परसात पडलेला बोंडू कागदावर परदेशी झाला. हेतू चांगला असेल, पण छोट्या शेतकऱ्याला भट्टी लावायची वाट त्यातून अजून दिसलेली नाही. माहेरचे बोंडू आजही बी काढून झाडाखाली टाकलेले असतात, मे महिन्यात सगळ्या डोंगराला आंबूस वास येतो. हे पत्र त्या बाजूच्या मान्यवरांनीही आपलं समजून वाचावं. फेणी हे नाव मागू नका, दुसरं नाव शोधा, पण गाळू द्या.

एक गोष्ट दुसरं कुणी बोलायच्या आधी मीच बोलते. माझी आत्ये मला म्हणाली, "दारूवर पत्र कसली लिहितेस, कितीतरी बायकांचे संसार ह्या बाटलीने बुडवले." खरं आहे. आमच्याच वाड्यावरची दोन घरं मी पाहिलीत. फेणी औषधी आहे, सर्दीला बरी, असलं काही मी लिहिणार नाही. दारू ती दारू. पण ती विकली जाणारच आहे, परवान्याने, कर भरून, विमानतळावरच्या दुकानातसुद्धा. मग तिचा पैसा आणि नाव फक्त बाटली भरणाऱ्याकडे का जावं, एवढाच माझा प्रश्न आहे.

मेस्कालचं सगळंच गोड आहे असंही समजू नका. दिराने तेही सांगितलं. मागणी वाढली तसे डोंगर साफ करून नुसत्या एस्पादीनच्या ओळी लावल्या. रानातलं तोबाला ओरबाडलं. लाकूड कमी पडू लागलं, भट्टीचं उरलेलं आंबट पाणी नद्यांत गेलं. आणि ज्या कागदाने नाव राखलं त्याच कागदाने काही घरांचं नाव काढून घेतलं. प्रमाणपत्राचा खर्च आणि खटपट झेपत नाही अशी कुटुंबं, पणजोबांपासून गाळणारी, आता बाटलीवर 'मेस्काल' लिहू शकत नाहीत. 'आगावेचा अर्क' एवढंच लिहितात. ठरवून दिलेल्या राज्यांच्या बाहेरच्यांचंही तेच. आमच्याकडे पायऱ्या कराल तर हे आधी वाचून करा. सगळ्यात वरच्या पायरीवर बसणारा माणूस सगळ्यात गरीब असणार आहे. त्याच्याकडून फी घेऊन त्याला वारस ठरवू नका.

तर मागण्या.

फेणीच्या प्रत्येक बाटलीवर लिहा : कोणत्या गावात गाळली, कोणी गाळली, भाण्यात की यंत्रावर, कोणत्या हंगामात. चार ओळी. बाईच्या चित्राच्या जागी मावतील.

लाकडाच्या विस्तवावर भाण्यात गाळलेल्या फेणीला वेगळा वर्ग द्या. त्याची तपासणी आणि दाखला तालुक्यात, भट्टीवाल्याला फुकट.

बाहेरचं स्पिरिट घातलेल्या बाटलीवर फेणी हा शब्द दिसला तर कारवाई विकणाऱ्यावर आणि भरणाऱ्यावरही करा, आणि ती जाहीर करा.

पाच-सात भट्ट्यांनी मिळून गावात बाटल्या भरायची परवानगी द्या. एकट्याला तो खर्च उचलत नाही. आम्हाला कंपनी व्हायचं नाही, पण कॅन देऊन हात पुसायचेही नाहीत.

पावणीची तारीख जानेवारीतच जाहीर करा. आणि परवान्याच्या कागदावर गाळणाऱ्या बाईचं नाव लिहायला एक रकाना ठेवा. आमच्या नवऱ्यांची हरकत नाही, मी घरी विचारलंय.

पर्यटकांना भट्टी दाखवायची असेल तर एप्रिलमध्ये आमच्याकडे घेऊन या. डोंगर चढावा लागेल, धूर डोळ्यांत जाईल, बोंडूंवर माश्या असतील. नीरो देईन, पैसे घेणार नाही. कुंडीत नुसते पाय हलवायला मात्र मी येणार नाही.

मेस्कालची ती बाटली आम्ही संपवली नाही. सासऱ्यांनी ती देवळीत, आमच्या 2019 च्या फेणीशेजारी ठेवलीय. आमच्या बाटलीवर त्यांनी स्वतः कागद चिकटवलाय, निळ्या पेनाने : गाव, वर्ष, आणि खाली सासूबाईंचं नाव. त्यांची ती शेवटची भट्टी होती. लेबल कसं असावं याची समिती नेमणार असाल तर नमुना म्हणून तो कागद बघायला या. बाटली मिळणार नाही.

या वर्षीचा मोहर ठीक आहे. पाऊस अवेळी आला नाही तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात बोंडू पडायला लागतील. त्याआधी तारीख कळवावी.

आपली,
सत्तरीतली एक भट्टीवाली